ऋण काढून सण

शोकांतिका हा शब्द हल्ली फार स्वस्त झाला आहे. एप्रिल २०२१ मध्ये शाल्के ०४ हा जर्मनीतला नामांकित फुटबॉल संघ पहिल्या श्रेणीतून खाली फेकला गेला, तेव्हा त्याच्या चाहत्यांनी आणि चाहत्यांहूनही हळव्या अशा क्रीडालेखकांनी हाच शब्द वापरला. कोळशाच्या खाणी गेल्या, कामगारांच्या वस्त्या उतरणीला लागल्या, वर महामारी आली, आणि अखेर दैवाने त्या शहराचा एकुलता एक दिवाही मालवला, अशी ती कथा. कथा ऐकायला गोड आहे. डोळ्यांत पाणी आणण्याची ताकदही तिच्यात आहे. पण मला ती मान्य नाही, आणि का मान्य नाही ते सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

फुटबॉलच्या एका हंगामाचे परीक्षण करायचे म्हणजे काय, असे कुणी विचारील. चकलीचा तुकडा मोडता मोडता नाटकाचे, फार तर एखाद्या कादंबरीचे परीक्षण वाचायची आपली सवय. पण हंगामाला नाटककार नसला तरी निर्माता असतो, दिग्दर्शक असतो, नटसंच असतो, प्रेक्षक असतात आणि मुख्य म्हणजे तिकिटाचे पैसे असतात. जिथे तिकिटाचे पैसे आहेत, तिथे परीक्षणाला जागा आहे. शाल्केच्या २०२०-२१ सालच्या हंगामाचे बहुतेक सामने मी पडद्यावर पाहिले. माझी भाची एकदा म्हणाली, "मामा, दर आठवड्याला हरणाऱ्यांचा खेळ बघायचा, ही कसली हौस?" मी तिला म्हटले, पडणारे नाटकही शेवटपर्यंत पाहावे लागते, त्याशिवाय ते कुठल्या अंकात पडले हे कसे कळणार?

ज्यांना या खेळाचा परिचय नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. बुंडेसलीगा ही जर्मनीतली पहिली श्रेणी. तीत अठरा संघ, प्रत्येकाचे ३४ सामने. विजयाला ३ गुण, बरोबरीला १. हंगामाअखेर तळाचे दोन संघ सरळ खालच्या श्रेणीत जातात. शाल्केने या ३४ सामन्यांपैकी ३ जिंकले, ७ बरोबरीत सोडवले, २४ गमावले. केलेले गोल २५, खाल्लेले ८६. गुण १६. तिन्ही विजय घरच्या मैदानावर; परगावी एकही नाही. हा झाला जमाखर्च.

आता हे शाल्के कोण? रुर प्रदेशातल्या गेल्झेनकिर्शन शहरातल्या एका वस्तीचे हे नाव. १९०४ साली तिथल्या पोरांनी संघ काढला. नावामागचे ०४ तेच. खाणीत राबणाऱ्यांचा संघ म्हणून त्याची कीर्ती झाली. एर्न्स्ट कुत्सोरा आणि फ्रिट्स शेपान हे त्याचे जुने नायक. चेंडू झरझर एकमेकांकडे सरकवत प्रतिपक्षाला गरगर फिरवण्याच्या त्यांच्या पद्धतीला 'शाल्केचा भोवरा' असेच नाव पडले होते. १९३४ ते १९४२ या काळात सहा वेळा (ती राजवट कोणाची होती हे विसरून चालत नाही) आणि १९५८ मध्ये सातव्यांदा शाल्के राष्ट्रीय विजेते झाले. त्यानंतर आजतागायत एकदाही नाही. १९९७ साली इंटर मिलानला हरवून त्यांनी युरोपातला यूएफा चषक आणला, हा मधला एक झगमगता दिवस. आणि १९ मे २००१ हा दुसरा, झगमगता आणि काळाकुट्टही. त्या दिवशी आपला शेवटचा सामना जिंकून शाल्केचे लोक मैदानात नाचू लागले होते. विजेतेपद हाती आले असे सर्वांना वाटत होते. तेवढ्यात तिकडे हॅम्बुर्गमध्ये, वेळ संपून गेल्यावरच्या जादा मिनिटांत, बायर्न म्युनिकच्या पॅट्रिक अँडरसनने बरोबरीचा गोल केला आणि चार मिनिटांचे राज्य संपले. तेव्हापासून शाल्केला 'हृदयांचे विजेते' म्हणतात.

ही पदवी त्यांना बाधली, असे माझे मत आहे.

कारण हरण्यातही एक प्रकारची थोरवी असते, ही चटक त्या दिवशी लागली. जिंकायचे तर कष्ट करावे लागतात, हिशेब ठेवावे लागतात. हृदयात राहायला काहीच लागत नाही. पुढे पुढे शाल्केच्या कारभाराने या हृदयाचेच भांडवल केले. खाणकामगार एकमेकांना 'ग्ल्युक आउफ' असे अभिवादन करतात. खाली उतरलेला माणूस सुखरूप वर यावा, ही त्यातली भावना. ते अभिवादन संघाने आपलेसे केले. सामन्यापूर्वी खाणकामगारांचे जुने गाणे साठ हजार लोक एका सुरात गातात. खेळाडू ज्या बोगद्यातून मैदानात येतात तो खाणीतल्या भुयारासारखा सजवलेला. त्यांच्या तरुण खेळाडूंच्या प्रशालेचे नावही खाणवाल्यांचे: 'क्नापेनश्मीड', म्हणजे खाणकामगार घडवणारी लोहारभट्टी. डिसेंबर २०१८ मध्ये शेजारच्या बॉट्रॉप येथील शेवटची दगडी कोळशाची खाण बंद झाली, तेव्हा शाल्केने आपल्या मैदानावर खाणकामगारांना साश्रू निरोप दिला. तो सोहळा खरा होता. तिथे रडणारी माणसे खोटी नव्हती. पण गाणे कोळशाचे चालले असताना खेळाडूंच्या छातीवर नाव होते ते रशियाच्या गाझप्रॉम या गॅस कंपनीचे, आणि ते २००७ पासून होते. (ते नाव २०२२ च्या फेब्रुवारीत, युक्रेनवर आक्रमण झाल्यावर, उतरवण्यात आले.) नेपथ्य एकाचे, पैसा दुसऱ्याचा. मोठे घर आणि पोकळ वासा म्हणतात तो असा.

या हंगामाचा पडदा उघडला तो १८ सप्टेंबर २०२० च्या रात्री, म्युनिकमध्ये. साथीमुळे प्रेक्षागार रिकामे होते. बायर्नने शाल्केला आठ गोलांनी हरवले. शाल्केचा गोल एकही नाही. जगाने या आकड्याची थट्टा केली. माझे लक्ष मात्र आकड्याकडे नव्हते, माणसांकडे होते. बायर्नच्या गोलात उभा होता मानुएल नॉयर. मधल्या फळीत खेळून एक गोल करणारा लेओन गोरेट्स्का. बाजूने धावून दोघांना गोल करून देणारा आणि स्वतःही एक करणारा लेरॉय साने. नॉयर आणि साने थेट त्या लोहारभट्टीत घडलेले. गोरेट्स्का अठराव्या वर्षी शाल्केत येऊन तिथेच मोठा झालेला. शिवाय त्याच उन्हाळ्यात शाल्केहून बायर्नकडे गेलेला दुसरा एक गोलरक्षक, अलेक्झांडर न्यूबेल. म्हणजे आठ गोलांचा हा मार शाल्केने अर्धामुर्धा आपल्याच घरच्या हातांनी खाल्ला होता.

आणि ही माणसे गेली कशी? नॉयर आणि साने यांचे पैसे तरी आले. पण बचावपटू योएल माटिप २०१६ मध्ये लिव्हरपूलला गेला तो फुकट. सेआद कोलाशिनाच २०१७ मध्ये आर्सेनलला, फुकट. २०१८ मध्ये गोरेट्स्का बायर्नला आणि माक्स मायर इंग्लंडला, दोघेही फुकट. २०२० मध्ये न्यूबेल, तोही फुकट. फुटबॉलच्या व्यापारात करार चालू असताना खेळाडू दुसऱ्या संघाने घेतला तर मोठी किंमत मोजावी लागते. करार संपू दिला तर खेळाडू मोकळा होतो आणि जुन्या संघाच्या हाती धुपाटणेही राहत नाही. चार वर्षांत पाच वेळा हे घडले. जो संघ खाणीची गाणी गातो, त्याने आपल्या खाणीतले उत्तम ते दारात आलेल्या गाडीवाल्याला असे भरून द्यावे, याला दैव कसे म्हणावे?

दुसरीकडे घरखर्च वाढत होता. २०१७-१८ मध्ये डोमेनिको टेडेस्को या तरुण प्रशिक्षकाच्या हाताखाली शाल्के दुसरे आले. दुसरे येणे म्हणजे युरोपच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेत प्रवेश, म्हणजे पैसा. घरात एका वर्षी पीक चांगले आले म्हणून कोणी जन्मभराच्या मेजवान्या ठरवत नाही. शाल्केने जवळपास तसेच केले. पगाराचे करार युरोपच्या मापाने झाले आणि पुढच्याच वर्षी संघ चौदावा आला. खर्च राजवाड्याचा, उत्पन्न चौदाव्या क्रमांकाचे. २०२० मध्ये महामारीने मैदाने बंद केली तेव्हा देणी वीस कोटी युरोंच्या घरात गेलेली होती. पुढचा हप्ता येणार आहे या भरवशावर आजचा सण साजरा होत होता. प्रेक्षकांचे पैसे थांबले, दूरचित्रवाणीचे पैसे अडकले, आणि सण उघडा पडला. कर्ज मिळवण्यासाठी राज्य सरकारच्या हमीचा आधार शोधावा लागला. महामारी सर्वांवर आली होती. सतरा घरांची छपरे गळली. हे एकच घर बसले, कारण त्याच्या वाशांना आधीच वाळवी होती.

कारभाराची वृत्ती कळायला लहान गोष्टी पुरतात. २०२० च्या उन्हाळ्यात ज्या चाहत्यांना न झालेल्या सामन्यांच्या तिकिटांचे पैसे लगेच परत हवे होते, त्यांना आपली अडचण काय आहे ते लिहून कळवण्यास संघाने सांगितले. ज्यांच्या हृदयावर राज्य करायचे, त्यांच्याकडूनच गरिबीचा दाखला! गवगवा झाल्यावर क्षमा मागितली गेली. त्याच सुमारास तरुण खेळाडूंना घरून मैदानावर ने-आण करणाऱ्या, किरकोळ पगारावरच्या मोटारचालकांना कमी केल्याची बातमी बाहेर आली. कोट्यवधींच्या देण्यात या चालकांच्या पगाराने किती भर पडत असेल? आणि जून २०२० च्या अखेरीस २००१ पासून संघाच्या देखरेख मंडळाचे अध्यक्ष असलेले क्लेमेन्स ट्यॉनिएस पायउतार झाले. त्यांच्या मांस-कारखान्यात हजारावर कामगारांना साथीची लागण झाली होती आणि संताप उसळला होता. त्याआधीच्या वर्षी आफ्रिकेतील लोकांविषयी काढलेल्या अनुदार उद्गारांमुळे त्यांना तीन महिने बाजूला राहावे लागले होते. कामगारांच्या संघाचा कर्ता, आणि पडला तो कामगारांच्याच प्रश्नावर. एखाद्या लेखकाने हे रचले असते तर मी त्याला भडक म्हटले असते.

आता दिग्दर्शकांकडे वळू. एका हंगामात पाच. डेव्हिड वाग्नर दुसऱ्याच सामन्यानंतर गेले. मागच्या हंगामाचे सोळा धरून त्यांचे ओळीने अठरा सामने विजयाविना झाले होते, म्हणजे त्यांना काढण्यापेक्षा ठेवण्याचेच कारण विचारायला हवे होते. मानुएल बाउम आले. दहा सामने, विजय शून्य. ते गेले आणि १९९७ च्या चषकाचे शिल्पकार, सदुसष्ट वर्षांचे हूब स्टेव्हन्स आले, तेही केवळ नाताळपूर्वीच्या दोन सामन्यांपुरते. मग निवृत्तीतून बोलावलेले स्विस प्रशिक्षक क्रिस्टियान ग्रोस. फेब्रुवारीअखेर श्टुटगार्टकडून पाच गोल खाल्ल्यावर दुसऱ्या दिवशी ग्रोस, क्रीडासंचालक योखेन श्नायडर आणि इतर काही जण यांना एकदम निरोप मिळाला. शेवटी दिमित्रिओस ग्रामोत्सिस. जानेवारीत जुने लाडके खेळाडूही परत आणले: कोलाशिनाच उसना, सदतिशीचा हुंटेलार काही महिन्यांपुरता. संकट आले की आजीच्या पेटीतले दागिने काढून पाहायचे, तसे हे. दागिने खरे होते, पण ते अंगावर घालून शेतात नांगर धरायचा होता.

या सर्वांत एक दुपार मात्र मी विसरणार नाही. ९ जानेवारी २०२१. होफेनहाइमविरुद्ध मॅथ्यू हॉपी या एकोणीस वर्षांच्या अमेरिकन पोराने तीन गोल केले. तिन्ही वेळा चेंडू पुरवला तो अमीन आरीतने, आणि चौथा गोल आरीतचा. तिन्ही वेळा हॉपी गोलरक्षकासमोर एकटा होता आणि तिन्ही वेळा त्याने घाई केली नाही. महिनोन्‌महिने ज्या संघातल्या अनुभवी माणसांचे पाय गोलासमोर लटपटत होते, तिथे या पोराच्या चेहऱ्यावर भीतीची रेघ नव्हती. त्याच्यावर आख्यायिकेचे ओझेच नव्हते. ३५८ दिवसांनी शाल्केला लीगमध्ये विजय मिळाला.

या विजयाने आनंद झालेले दुसरेही काही लोक होते, आणि त्यांच्याविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. शाल्केचे ओळीने तीस सामने विजयाविना झाले होते. एकतिसावा तसा गेला असता तर टास्मानिया बर्लिन या संघाच्या १९६५-६६ सालच्या विक्रमाशी बरोबरी झाली असती. टास्मानिया हा जर्मन फुटबॉलमध्ये थट्टेचा शब्द आहे. त्या हंगामात त्यांनी दोन सामने जिंकले, चार बरोबरीत सोडवले, अठ्ठावीस हरले. १५ गोल केले आणि १०८ खाल्ले. पहिल्या सामन्याला बर्लिनच्या ऑलिंपिक स्टेडियममध्ये ऐंशी हजारांवर माणसे होती. जानेवारीतल्या एका सामन्याला त्याच अवाढव्य प्रेक्षागारात ८२७.

पण टास्मानिया तिथे आले कसे? १९६५ मध्ये हेर्था बर्लिनने खेळाडूंना नियमाबाहेर पैसे दिल्याचे उघडकीस आले आणि त्यांना पहिल्या श्रेणीतून काढले. भिंतीने दुभंगलेल्या शहराचा एकही संघ त्या श्रेणीत नसावा, हे राजकारणाच्या दृष्टीने बरे दिसेना. म्हणून ज्यांची तयारी नव्हती, ज्यांनी ती जागा खेळून मिळवलेली नव्हती, त्या टास्मानियाला ऐन वेळी आत ओढले. आणि त्याच वेळी श्रेणी सोळावरून अठरा संघांची केली, त्यामुळे तळाचे दोन संघ खाली जाण्यापासून वाचले. त्यांतला अगदी शेवटचा, सोळावा संघ होता शाल्के ०४. ज्या निर्णयाने टास्मानिया पिढ्यान्‌पिढ्यांच्या हसण्याचा विषय झाले, त्याच निर्णयाने शाल्केचे नाव वाचवले. पंचावन्न वर्षांनी, २ जानेवारी २०२१ रोजी, शाल्केने आपला तिसावा विजयहीन सामना खेळला तो बर्लिनच्या त्याच ऑलिंपिक स्टेडियममध्ये, त्याच हेर्थाविरुद्ध, आणि तीन गोलांनी हरले.

आता मी विचारतो, यांतली शोकांतिका कोणती? ज्यांना दुसऱ्यांच्या सोयीसाठी रंगमंचावर ढकलले आणि ज्यांच्याजवळ ना पैसा होता ना नट, त्या टास्मानियाविषयी मला खरी करुणा वाटते. शाल्केजवळ सारे होते. साठ हजारांवर प्रेक्षक मावणारे मैदान, दीड लाखाहून अधिक सभासद, देशातली एक उत्तम प्रशाला. गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'मधल्या सुधाकराला बुद्धी, विद्या, घरदार सारे होते, आणि म्हणूनच त्याचा ऱ्हास आपल्याला सलतो, असे कोणी म्हणेल. बरोबर आहे. पण सुधाकराचा शेवट आपण दैवावर ढकलत नाही. प्याला कोणी भरला ते आपण पाहतो.

दैवाची कथा खोटी ठरवायला मला एकच दाखला पुरेसा वाटतो, आणि तो त्याच वर्षीचा आहे. हंगाम अर्धा संपला, सतरा सामने झाले, तेव्हा शाल्केचे गुण होते ७. दुसऱ्या एका संघाचेही बरोबर ७ होते. तो संघ माइन्झ. दोघेही मेलेले, असेच सर्व धरून चालले होते. हंगाम संपला तेव्हा शाल्के १६ गुणांवर तळाशी होते आणि माइन्झ ३९ गुणांवर बारावे. माइन्झने काय केले? आपल्याकडे वर्षानुवर्षे राबलेली माणसे परत बोलावली: प्रशिक्षक म्हणून बो स्वेन्सन, जो त्यांच्याकडे खेळला होता आणि ज्याने त्यांच्या पोरांना शिकवले होते, आणि कारभारी म्हणून क्रिस्टियान हायडेल. हे हायडेल कोण? २०१६ ते २०१९ या काळात शाल्केचे क्रीडासंचालक. कोलाशिनाच, गोरेट्स्का आणि मायर ज्यांच्या काळात फुकट गेले, तेच. शाल्केत ज्याच्या नावाने बोटे मोडली जात होती, त्या माणसाच्या हातून माइन्झमध्ये घर सावरले गेले. यावरून हायडेल निर्दोष ठरतात असे मी म्हणत नाही. पण दोष एका माणसाच्या माथी मारून मोकळे होता येत नाही, एवढे खास. शाल्केनेही जुनी माणसे बोलावली होती. ती आठवणींसाठी आणि आठवड्यांच्या बोलीवर. माइन्झने बोलावली ती कामासाठी.

काही शहाण्यांनी वेगळाच निष्कर्ष काढला. शाल्के ही अजूनही सभासदांची संस्था आहे, कंपनी नाही. एखाद्या धनिकाला विकून टाकली तरच तिला भवितव्य, असे त्यांचे म्हणणे. हे म्हणणे मला धोक्याचे वाटते, कारण रोग एका ठिकाणी आणि शस्त्रक्रिया दुसऱ्या ठिकाणी असा तो प्रकार आहे. युनिओन बर्लिन आणि फ्रायबुर्ग हे संघही सभासदांच्याच मालकीचे आहेत. त्याच हंगामात युनिओन सातवे आले, फ्रायबुर्ग दहावे. आणि माइन्झही त्याच जातीचे. सभासदांची मालकी पडली नाही. सभासदांनी गाणी म्हटली आणि हिशेब विचारले नाहीत, किंवा विचारले ते कोणी ऐकले नाहीत, तिथे घर पडले.

चाहत्यांना मी या परीक्षणातून वगळणार नाही. २० एप्रिलला बीलेफेल्ड येथे एका गोलाने हरल्यावर शाल्केचे खाली जाणे पक्के झाले. तीस वर्षांनी ते खाली गेले. रात्री संघाची गाडी गेल्झेनकिर्शनला परतली तेव्हा काही शे लोक मैदानाबाहेर जमले होते. शिव्या झाल्या, अंडी फेकली गेली, आणि मग खेळाडूंचा पाठलाग करून त्यांच्यावर हात टाकण्यापर्यंत गोष्ट गेली. प्रेमाच्या नावाखाली झालेली ही मारहाण मला हंगामातली सर्वांत लाजिरवाणी घटना वाटते. मार खाल्ला कोणी? वीस-बावीस वर्षांच्या पोरांनीही, ज्यांनी एकाही कर्जावर सही केली नव्हती. ज्यांनी सह्या केल्या, त्यांतले बहुतेक त्या गाडीत नव्हते.

योगायोगाचा भाग म्हणून एक नोंद करतो. पन्नास वर्षांपूर्वी, १७ एप्रिल १९७१ रोजी, शाल्के याच बीलेफेल्डकडून याच एका गोलाने हरले होते. तो सामना शाल्केच्या खेळाडूंनी पैसे घेऊन विकला होता, आणि पुढे न्यायालयात शपथेवर खोटे बोलल्याने त्यांच्या संघाला 'खोट्या शपथेचा संघ' हे टोपणनाव चिकटले. आख्यायिकेच्या गाण्यात हे कडवे नसते. २०२१ चा पराभव विकलेला नव्हता, तो निखळ दुबळेपणाचा होता. आणि तरीही मला वाटते की जुने हिशेब उघडे ठेवणारी संस्था नवे हिशेबही अधिक सावधपणे ठेवते.

पुढच्या वर्षी शाल्के दुसऱ्या श्रेणीत पहिले आले. सिमोन टेरोडे या अनुभवी खेळाडूने तीस गोल केले आणि मे २०२२ मध्ये लोकांनी मैदान व्यापून टाकले. वर्षभरात, २०२३ मध्ये, ते पुन्हा खाली गेले. त्या दुसऱ्या पडण्याला फारसे कोणी शोकांतिका म्हटले नाही.

शेवटी १५ मे २०२१ च्या सामन्याविषयी लिहितो, कारण परीक्षणकाराने पडलेल्या नाटकातला चांगला प्रवेशही सांगितला पाहिजे. खाली जाणे केव्हाच ठरले होते, प्रेक्षागार रिकामे होते, समोर युरोपच्या मोठ्या स्पर्धेसाठी धडपडणारे फ्रँकफुर्ट होते. शाल्केने चार विरुद्ध तीन गोलांनी सामना जिंकला आणि फ्रँकफुर्टचे ते स्वप्न जवळपास तिथेच मोडले. एक गोल म्हाताऱ्या हुंटेलारचा, दंडाच्या फटक्यावर. उरलेले तीन ब्लेंडी इद्रिझी, फ्लोरियान फ्लिक आणि हॉपी यांचे. तिघेही कोवळे, शाल्केच्या खालच्या संघांतून नुकतेच वर आलेले, पगाराच्या यादीत तळाशी असणारे. त्यांनी फ्रँकफुर्टच्या बचावात जे धावणे धावले, ते त्या वर्षी महागड्या माणसांकडून पाहायला मिळाले नव्हते. शिटी वाजली, दोनचार जणांनी एकमेकांच्या पाठी थोपटल्या आणि सारे त्या भुयारासारख्या बोगद्यातून आत गेले. हॉपीला ऑगस्टमध्ये स्पेनच्या मायोर्का संघाला देण्यात आले. या वेळी निदान पैसे घेऊन.